माजलेली वेल फुलावर कशी आणाल?

पडवीत टांगलेल्या डब्यातली वेल तीन-चार वर्षे वाढते आहे. पाने जाड आणि चकचकीत, एकही पिवळे नाही. खिडकीच्या गजांना वेढे घालत ती पार आढ्यापर्यंत पोचली आहे. येणारा-जाणारा तिचे कौतुक करतो आणि शेवटी विचारतो, "हिला फूल येत नाही का?" मग घरातली माणसे तिची आणखी काळजी घेऊ लागतात. जास्त पाणी, जास्त शेणखत, वर चिमूटभर युरिया. वेल आणखी हिरवी होते. फूल मात्र येत नाही.

खरे तर याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरात आधीपासूनच आहे. नत्र आणि पाणी जास्त झाले की कपाशी माजते, पाते-बोंडे कमी धरतात. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर आपण हिवाळ्यात पाणी तोडून बागेला ताण देतो. द्राक्षाच्या एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार होत असताना ढगाळ हवा राहिली, नत्र-पाणी वाढले, की घडाच्या जागी नुसती बाळी येते. झाड निरोगी असणे निराळे आणि फुलावर येणे निराळे. रानात आपण हे जाणतो, पण पडवीत विसरतो.

आधी वेल ओळखा

घरात लावायच्या वेलींपैकी मनी प्लांट सर्वांच्या ओळखीची. तिला फूल येण्याची वाट पाहत असाल तर ती सोडून द्या. लागवडीतल्या मनी प्लांटला आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण कळले. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संजीवक या वेलीला स्वतः पुरेसे तयार करता येत नाही. द्राक्षबागायतदार ज्याला 'जी.ए.' म्हणतात, तेच हे. शास्त्रज्ञांनी ते बाहेरून फवारले तेव्हा वेल फुलली. तेव्हा मनी प्लांट पानांसाठीच लावावी, आणि फूल नाही म्हणून तिला किंवा स्वतःला बोल लावू नये.

घरात फुलणारी वेल हवी असेल तर होया लावावी. हिची पाने समोरासमोर जोडीने येतात. ती जाड असतात आणि तोडल्यावर पांढरा चीक निघतो, कारण ही रुईच्याच कुळातली. फुलांचा झुबका गोल, त्यात वीस-तीस चांदण्या, मेणाच्या ओतून केल्यासारख्या. प्रत्येक फिकट गुलाबी चांदणीच्या मध्यावर आणखी एक लहान चांदणी असते. दिवेलागणीनंतर त्यांचा वास दरवळू लागतो. घरोघर दिसणारी होया कार्नोसा मूळची पूर्व आशियातली, पण हिची एक बहीण, होया वाइटी, आपल्या सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर वाढते. थॉमस हॉय नावाच्या एका इंग्रज माळ्याच्या सन्मानार्थ या वेलींना होया हे नाव पडले.

नर्सरीत बदामाच्या आकाराचे एकच पान कुंडीत खोचून विकायला ठेवलेले दिसते. तीही होयाच. पण त्या पानाला खोडाचा डोळा नसेल तर ते वर्षानुवर्षे हिरवे राहील, त्याची वेल होणार नाही. पैसे घालवण्यापेक्षा ज्यांच्या घरी होया फुलते त्यांच्याकडून दोन-तीन डोळ्यांची फांदी मागून आणावी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावी. फुलणाऱ्या वेलीची फांदी रोपापेक्षा लवकर फुलावर येते. तरी दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो.

उजेड हा पहिला उपाय

घरातली वेल न फुलण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अपुरा उजेड. कोनाड्यात किंवा माजघरात होया जगते, पण फुलत नाही. पूर्वेकडची पडवी किंवा खिडकी हिला उत्तम. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड मिळाला पाहिजे. दुपारच्या कडक उन्हात मात्र पाने पिवळी पडून करपतात. पश्चिमेची बाजू असेल तर उन्हाळ्यात गोणपाटाचा किंवा शेडनेटचा आडोसा करावा. अंधारातली कुंडी एकदम उन्हात नेऊ नये. आठ-पंधरा दिवसांत थोडी थोडी सरकवावी.

कुंडी लहान, माती मोकळी

होया रानात झाडाच्या सालीवर, फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पाल्यावर वाढते. तिला खोल काळी माती नको. कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंडीचे तुकडे, विटांचे बारीक खडे आणि थोडे जुने शेणखत यांचे मिश्रण करावे. पाणी घातल्याबरोबर खालून निथळले पाहिजे. पाच-सहा इंचांची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा पुरतो. मुळ्या डब्यात दाटल्या की वेल फुलाकडे वळते. मोठ्या भांड्यात हलवली की ती पुन्हा मुळ्या आणि पाने करीत बसते. म्हणून कुंडी उगाच बदलू नये.

पाणी आणि ताण

वरची माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. रोज भांडी विसळलेले पाणी याच कुंडीत ओतण्याची सवय असेल तर ती मोडावी. मुळ्या सतत ओल्या राहिल्या की कुजतात. कोकणात पागोळ्यांखाली टांगलेल्या कुंडीचे पावसाळ्यात हेच होते. ती आत घ्यावी.

मार्गशीर्ष-पौषात पाणी आणखी कमी करावे आणि खत बंद ठेवावे. नाशिक-पुण्याकडे या दिवसांत रात्री थंडी असते. थंडी आणि कोरडेपणा यांच्या जोडीने वेलीला विसावा मिळतो. हाच तिचा ताण. पण तो बेताचा हवा. पानांना सुरकुत्या पडू लागल्या तर थोडे पाणी द्यावे. माघ-फाल्गुनात दिवस वाढू लागले की पाणी हळूहळू वाढवावे.

युरिया नको

नत्राने पाने वाढतात, फुले नाही. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे. नत्र कमी, स्फुरद व पालाश जास्त असलेले विद्राव्य खत द्यायचे तर पिशवीवर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने द्यावे. फुले आणणारी टॉनिके विकत घेऊ नयेत. उजेड नसेल तर कोणतेच टॉनिक कामाचे नाही.

कात्री आवरा

मेहनत वाया जाते ती बहुधा येथेच. होयाला मधूनच लांब, बिनपानाचे शेंडे फुटतात. ते वाळल्यासारखे दिसतात, म्हणून साफसफाई करताना कापले जातात. तसे करू नये. वेल त्यांनी आधार शोधत असते. पुढे त्यांवर पाने येतात आणि फुलांचे देठही पुष्कळदा तेथेच निघतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फुले गळून गेली की मागे एक आखूड बोडका देठ राहतो. तो तोडू नये. पुढच्या वेळी त्याच देठाच्या टोकाला पुन्हा कळ्या येतात, आणि असे वर्षानुवर्षे चालते. पूजेसाठी किंवा वेणीसाठी फुले हवी असतील तर एकेक चांदणी खुडावी, झुबका देठासकट तोडू नये. तो तोडला तर वेलीला नवा देठ पहिल्यापासून तयार करावा लागतो. दिवाळीच्या सफाईत ही वेल कोणाच्या हाती लागणार असेल तर आधी त्याला हे सांगून ठेवावे.

कळ्या दिसल्यावर

कळ्या आल्या की कुंडीची जागा बदलू नये, ती फिरवूही नये. या काळात माती अगदी सुकू दिली किंवा पाण्याचा अतिरेक केला तर कळ्या गळतात. कोवळ्या शेंड्यांवर आणि देठांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने ते पुसून काढावेत आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. घरात विषारी औषध फवारू नये. फुलांतून गोड, चिकट रसाचे थेंब गळतात. तो रोग नव्हे. खाली मुंग्या जमल्या तर फरशी पुसून घ्यावी, एवढेच.

या वर्षी एक करून पाहा. वेल उजेडाच्या जागी आणा, युरिया थांबवा आणि कात्री लांब ठेवा. खर्च काहीच नाही. एवढे करूनही पहिल्या वर्षी फूल आले नाही तर निराश होऊ नका, वेल उपटू नका. संत्र्याची बाग फळावर येईपर्यंत आपण पाच वर्षे थांबतो. पडवीतल्या वेलीलाही तेवढी सवड द्यावी.