पेशींचे वय आणि आईचा रक्तदाब

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘वार्धक्य’ या विषयावर लेख हवा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा बालरोगतज्ज्ञाने त्यावर काय लिहावे, असा प्रश्न मला पडला. माझे रुग्ण काही दिवसांचे, काही महिन्यांचे, फार तर पंधरा वर्षांचे. परंतु गेली काही वर्षे पक्षाघात आणि पेशींचे वार्धक्य हा विषय माझ्या मनात घर करून आहे. त्याला कारण इंदूरमधील आमच्याच घरातील दोन प्रसंग.

१९९४ च्या पावसाळ्यात वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. त्या वेळी त्यांचे वय ५८ होते आणि मी एम.डी.चा विद्यार्थी होतो. सकाळचा चहा घेताना डाव्या हातातून बशी निसटली, तोंड वाकडे झाले. आईच्या एका हाकेसरशी सगळा वाडा जमला आणि अर्ध्या तासाच्या आत वडील रुग्णालयात पोहोचले. मात्र तेथे त्यांना देण्याजोगे फारसे काही नव्हते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग दाखविणारा निर्णायक अभ्यास त्यानंतर एका वर्षाने, १९९५ मध्ये, प्रसिद्ध झाला. वडील वाचले, डावा हात दुबळाच राहिला. पुढे त्यांच्या गोळ्या, जेवणातील मीठ आणि सकाळचे फिरणे यांचा हिशेब आईने अखेरपर्यंत ठेवला.

२०१९ मध्ये आईला झटका आला. ती ७७ वर्षांची होती. सकाळी नवाच्या सुमारास तिचा दवाखान्यात फोन आला : “अरे, उठल्यापासून बरी होते, पण आता उजवा हात जरा जड वाटतोय. सकाळी पाणी भरलं, त्यानं असेल.” तिच्या शब्दांतही किंचित जडपणा होता. तो माझ्या कानांना जाणवला, तरी झोप नीट झाली नसेल, असा निष्कर्ष मी काढला. बाहेर तापाने फणफणलेल्या मुलांची रांग होती. “पडून राहा, दुपारी येतो,” असे सांगून मी फोन ठेवला. दोन वाजता पोहोचलो तेव्हा तिची वाचा गेली होती. औषध देण्याची साडेचार तासांची मर्यादा तोवर उलटून गेली होती. नळी घालून गुठळी काढण्याचा उपायही तिच्यासाठी योग्य ठरला नाही. त्यानंतर ती दोन वर्षे जगली, पण माझे नाव पुन्हा तिला उच्चारता आले नाही.

वडिलांच्या वेळी धावपळ झाली, औषध नव्हते. आईच्या वेळी औषध होते, धावपळ झाली नाही. आणि या वेळी घरात डॉक्टर होता.

गुणसूत्रांच्या दशा

आईच्या पश्चात मी या विषयावरील वाचनाकडे वळलो. त्यात काही अंशी स्वतःची समजूत घालण्याचा हेतू होता, हे कबूल केले पाहिजे. वयच झाले होते, पेशीच थकल्या होत्या, असे विज्ञानाने सांगावे, अशी माझी अपेक्षा होती.

१९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. याचे एक प्रमुख कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. माहेश्वरी लुगड्याच्या पदराला दशा असतात आणि वीण उसवू नये म्हणून त्यांना गाठी मारलेल्या असतात. गुणसूत्राच्या टोकाची ‘टेलोमिअर’ ही अशीच गाठ होय. पेशी विभागताना ही टोके थोडी थोडी आखूड होतात. फार आखूड झाली की पेशी विभागणे थांबविते; तिच्यातून दाह वाढविणारी द्रव्ये स्रवू लागतात. रोहिण्यांच्या अस्तरात असे घडले की त्या कडक व खडबडीत होण्यास मदत होते. टेलोमिअर आणि ती लांबविणारे विकर यांवरील संशोधनाबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर व शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बालरोगतज्ज्ञाला चकित करणारी गोष्ट अशी की, रक्तपेशींतील ही टोके सर्वांत वेगाने आखूड होतात ती म्हातारपणी नव्हे, तर आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत.

प्रौढ स्त्रियांची टेलोमिअर समवयस्क पुरुषांपेक्षा सरासरीने लांब असतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा त्यात वाटा असावा, असे मानले जाते. मध्यम वयात पक्षाघात पुरुषांना अधिक होतो आणि स्त्रियांना तो उशिरा गाठतो, हेही आपण रोज पाहतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की उत्तर हाती आल्यासारखे वाटते.

परंतु प्रत्यक्ष मोजमाप इतके सरळ निघाले नाही. अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१०) आणि आरोग्यसेवेतील स्त्रियांच्या तशाच पाहणीत (२०१३) आखूड टेलोमिअर व गुठळीमुळे होणारा पक्षाघात यांचा स्पष्ट संबंध आढळला नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून थोडासा संबंध दिसला; पण ज्यांचा रक्तदाब, आहार, झोप, व्यायाम यांची घडी नीट होती, त्यांच्यात हा वाढीव धोका आढळला नाही. शिवाय टेलोमिअर लांब असणे हे निव्वळ वरदानही नाही. काही कर्करोगांचा धोका त्याने वाढतो. म्हणून टेलोमिअर मोजून ‘खरे वय’ सांगणाऱ्या चाचण्या आणि ती लांबविण्याच्या गोळ्या यांवर आपल्या रुग्णांचे पैसे खर्च होऊ देऊ नयेत, असे माझे नम्र मत आहे.

स्त्रीचा वेगळा हिशेब

वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून पुढच्या आयुष्यात पक्षाघात होण्याची शक्यता, २०१६ च्या जागतिक अंदाजानुसार, पुरुषांत २४.७ टक्के आणि स्त्रियांत २५.१ टक्के होती. म्हणजे चौघांत एक, दोन्हीकडे जवळपास सारखेच. स्त्रीला मिळते ती थोडी उसंत, सुटका नव्हे. उशिरा आलेला झटका वृद्ध, बहुधा एकट्या राहणाऱ्या देहाला गाठतो आणि त्यामुळे अधिक पंगुत्व देऊन जातो.

त्याखेरीज तिच्या वाट्याला काही कारणे अशी येतात, जी पुरुषाच्या वाट्याला येतच नाहीत. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या स्त्रीला पुढील आयुष्यात पक्षाघात होण्याचा धोका सुमारे पावणेदोन पट असतो. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूतील नीलांत गुठळी होऊ शकते. आपल्याकडे मात्र बाळंतिणीचे डोके दुखले की वारा लागला म्हणून कानाला फडके बांधले जाते.

हे वाचताना मला एकदम धाकट्या बहिणीच्या जन्माची गोष्ट आठवली. तिच्या वेळी आईच्या अंगावर सूज आली होती, रक्तदाब फार वाढला होता आणि प्रसूती महिनाभर आधी झाली होती. ‘हिला जगात यायची भारी घाई’ अशी ही गोष्ट आमच्या घरी हसत सांगितली जाई. आईच्या रोहिण्यांनी पन्नास वर्षे आधी दिलेली ती सूचना होती, हे आम्हां कोणालाच उमगले नाही. घरात रक्तदाबाचे यंत्र होते. त्याचा पट्टा वडिलांच्या दंडाला रोज बांधला जाई. बांधणारी आईच असे. तिच्या दंडाला तो किती वेळा बांधला गेला, हे आठवून पाहिले. मला एकही वेळ आठवली नाही.

विज्ञानाकडून मला क्षमापत्र हवे होते. ते मिळाले नाही. आईच्या पेशींचे वय मला थांबविता आले नसते. रक्तदाब मोजता आला असता, फोनवरचे बोबडे शब्द ओळखता आले असते.

एक मोठा पट्टा

माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचे लहान मुलांचे पट्टे होते, मोठ्या माणसाचा नव्हता. तो मी आणला. दीड महिन्याच्या बाळाला लसीसाठी घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला आता मी तीन प्रश्न विचारतो : गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का? डोके फार दुखते का? त्यानंतर कोणी तपासले का? आणि तिच्या दंडाला पट्टा बांधतो. वाढीव आढळला तर चिठ्ठी देऊन फिजिशियन सहकाऱ्याकडे पाठवितो. नवव्या महिन्याच्या लसीला पुन्हा मोजतो. यास दोन मिनिटे लागतात.

सहकारी मित्रहो, प्रसूतीनंतर स्त्री स्वतःसाठी डॉक्टरकडे क्वचितच जाते, पण बाळासाठी आपल्याकडे नेमाने येते. ही संधी दुसऱ्या कोणत्याही शाखेला इतक्या सहज मिळत नाही. आणि घरातील वडीलधाऱ्या बाईने ‘हात जरा जड वाटतोय’ म्हटले, तर तिने सांगितलेले कारण ऐकून घेऊ नका. तिला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, आणि काहीही वेगळे वाटल्यास लगेच निघा.

मीही आता वडिलांच्या त्या वयाला पोहोचत आलो आहे. पत्नी रोज सकाळी माझा रक्तदाब मोजते. त्यानंतर तोच पट्टा मी तिच्या दंडाला बांधतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “मला काय झालंय?” आईही असेच म्हणाली असती.