तुणतुणं कोण धरणार?

१५ ऑगस्टला पोवाडा बसवायचा ठरला, की पहिलं भांडण डफावरून! झांज घ्यायलाही दोघं-तिघं पुढे येतात. तुणतुण्याला मात्र कुणी हात लावत नाही. एकच तार, एकच सूर. त्यात काय वाजवायचं?

पण खरी गंमत तालमीत कळते. शाहीर सूर धरतो तो त्याच तारेचा. मागचे झीलकरी 'जी जी' करत साथ देतात, तेही तिच्याच आधारानं. डफ फार चढला, की गाणारा नकळत ओरडायला लागतो नि सूर सुटतो. तुणतुणेवाल्याच्या कानाला ते चटकन खटकतं.

माइक नसेल, तर एकाला मागच्या भिंतीशी उभं करा. शब्द कळला नाही, की त्यानं हात वर करायचा. पोवाडा म्हणजे सांगायची गोष्ट! अफझलखानाचा वध झाला १६५९ साली. त्यावर अज्ञानदास शाहिरानं पोवाडा रचला. ती गोष्टच ऐकू आली नाही, तर डफ कितीही कडकडो, काय उपयोग?

पावसाळ्यात आणखी एक पंचाईत. दमट हवेनं चामडं सैल पडतं नि डफ 'भद् भद्' बोलतो. मग तो विस्तवावर लांबून शेकायचा (मोठं माणूस सोबत हवंच). तुणतुण्याची तारही खाली चामड्यालाच अडकवलेली, म्हणून तिचाही सूर उतरतो. खुंटी जराशी पिळायची, तार छेडून बघायची, पुन्हा पिळायची. आणि तेवढा वेळ डफवाल्यानंसुद्धा गप्प बसायचं!