डेल हॉलोवर स्मॉलमाउथ बासच्या शोधात

टेनेसी आणि केंटकी या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर ओबी नदी अडवून तयार झालेला जलाशय म्हणजे डेल हॉलो. १९५५ च्या जुलैत डेव्हिड हेज यांना इथे मिळालेला ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे सुमारे ५.४ किलोंचा स्मॉलमाउथ बास आजही जागतिक विक्रम मानला जातो. पण सुमारे ११,००० हेक्टर पाण्यात नुसते फिरून मासा लागत नाही.

आधी महिना ठरवा; बाकीचे त्यावरून ठरते. वसंतात पाणी १५-१६ अंश सेल्सिअसला पोचले की बास अंडी घालायला खडीच्या उथळ काठाशी येतो. उन्हाळ्यात तो खोल जातो, आणि पाणी इतके नितळ की जाणकार रात्रीच गळ टाकतात. माझ्या मते खरी मजा हिवाळ्यातच. लांब काठी, बारीक दोरी आणि फ्लोटखाली आठ-दहा फुटांवर लोंबणारे हलके, केसाळ आमिष. लाटांच्या हेलकाव्याने ते आपोआप हलते आणि थंडीने सुस्तावलेला मासाही ते घेतो.

परवाना आणि पकडीच्या मर्यादा निघण्यापूर्वी तपासा. वसंतात अंड्यांची राखण करणारा नर गळाला लागला, तर त्याला तिथेच, लगेच सोडा. तो हलला की घरट्यावर इतर मासे तुटून पडतात.