शार्कचे चित्र जवळूनच का घ्यावे लागते?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही पडद्यावर शार्क मासा पाहिला नाही असा विद्यार्थी आज शोधून सापडणार नाही. तो इतका जवळ आलेला दिसतो की त्याचे दात मोजता यावेत. ज्ञानगंगा अभयारण्यातील अस्वलाचे छायाचित्र घेणारा मनुष्य लांब पल्ल्याचे भिंग लावून दूर उभा राहतो. मग शार्कचे चित्रण करणारा पाणबुड्या त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर का जातो? त्याला धाडसाची हौस असते म्हणून? नव्हे. त्याला जवळ जायला पाणीच भाग पाडते. कसे, ते आपण पाहू.

दाब आणि श्वास

विहिरीत सूर मारून तळाचा खडा वर आणणाऱ्या मुलांना विचारा. खाली गेल्यावर कान दुखू लागतात, असे ती सांगतील. हा पाण्याचा दाब होय. दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतोच. म्हणजे तीस मीटर खोलीवर एकूण दाब चार वातावरणे होतो. अशा वेळी छातीतील हवेचा दाबही तितकाच असला पाहिजे, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. बाहेरच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, ती देखील श्वास घेताना तेवढीच सोडणारी झडप १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केली. पाठीवर टाकी घेऊन समुद्रात मोकळेपणाने हिंडणे तेव्हापासून सुलभ झाले.

आता एक सोपे गणित करू. टाकीचे आकारमान १२ लिटर आहे व तिच्यात २०० वातावरणे दाबाने हवा भरली आहे. बॉइलच्या नियमानुसार नेहमीच्या दाबाला ही हवा २४०० लिटर होईल. मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर ती पृष्ठभागावर १२० मिनिटे पुरेल. तीस मीटरवर मात्र प्रत्येक श्वासात चौपट हवा खर्च होते. म्हणजे उरली ३० मिनिटे! त्यातूनही वर येण्यासाठी काही हवा राखून ठेवावी लागते. शार्क येईल तेव्हा येईल, घड्याळ थांबत नाही.

वर येतानाही घाई चालत नाही. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळलेला असतो. सोडावॉटरच्या बाटलीतील गोळी दाबताच बुडबुडे कसे उसळतात ते आठवा. पाणबुड्या एकदम वर आला तर तसेच बुडबुडे त्याच्या रक्तात होतात व प्राणावर बेतू शकते. तसेच त्याने श्वास कोंडून धरला तर छातीतील हवा दाब घटताच फुगते व फुप्फुसाला इजा होते. म्हणून शार्क अंगावर आला तरी श्वास चालू ठेवून सावकाश वर यायचे, हा पहिला नियम.

तांबडा रंग जातो कुठे?

पाणी प्रकाश शोषते, पण सर्व रंग सारखे नव्हे. तांबडा सर्वांत आधी जातो. दहा मीटर अंतर कापल्यावर सूर्यप्रकाशातील तांबड्याचा अगदी थोडा अंश उरतो. त्यामुळे खोलवर बोट कापले तर रक्त लाल न दिसता हिरवट-काळपट दिसते. खरे रंग हवे असतील तर सोबत दिवा न्यावा लागतो. पण येथे एक मेख आहे. दिव्याचा प्रकाश शार्कपर्यंत जातो आणि तेथून कॅमेऱ्याकडे परत येतो. शार्क पाच मीटरवर असेल तर प्रकाशाचा प्रवास दहा मीटरचा झाला, आणि तांबडा रंग वाटेतच संपला. रंग टिकवायचा तर अंतर कमी करणे हाच उपाय.

दुसरी अडचण पाण्यातील सूक्ष्म कणांची. पावसाळ्यात राजूर घाटात धुके उतरले की मोटारीचे प्रखर दिवे लावूनही समोर पांढरी भिंतच दिसते, कारण धुक्याचे थेंब प्रकाश आपल्याच डोळ्यांकडे परत फेकतात. समुद्रातील कणही तेच करतात. म्हणून पाणबुड्या दिवे कॅमेऱ्याला चिकटून लावत नाही. लांब दांड्यांवर दोन बाजूंना लावतो.

करून पहा : काचेच्या मोठ्या पेल्यात पाणी घेऊन दुधाचे चार-पाच थेंब टाका. पेल्यामागे एक चित्र ठेवा. खोलीत अंधार करून विजेरी डोळ्याजवळ धरा व चित्र पहा. मग विजेरी बाजूने, थेट चित्रावर धरा. कोणत्या वेळी चित्र अधिक स्पष्ट दिसते?

तिसरी गोष्ट अपवर्तनाची. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ आहे. म्हणून विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो. त्याच कारणाने सपाट काचेच्या मुखवट्यातून चार मीटरवरील शार्क तीन मीटरवर आल्यासारखा वाटतो आणि मोठाही भासतो. कॅमेऱ्यापुढे सपाट काच असेल तर दृश्य आक्रसते. म्हणून काच घुमटाकार ठेवतात व रुंद दृश्य टिपणारे भिंग वापरतात.

शार्कला काय कळते?

आपण शार्कला पाहण्यासाठी इतकी खटपट करतो, तेव्हा शार्क आपल्याला कसा ओळखतो? दुरून तो वासावर आणि खोल, घुमणाऱ्या आवाजावर विसंबतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त असतो. अगदी जवळ आल्यावर मात्र तो एक वेगळेच ज्ञानेंद्रिय वापरतो. त्याच्या मुस्कटावर बारीक छिद्रे असतात व त्यांखाली चिकट द्रवाने भरलेल्या कुप्या असतात. १६७८ साली इटलीच्या लोरेन्झिनी यांनी त्यांचे वर्णन केले. त्या विजेचा वेध घेतात. १९७१ साली काल्माइन या शास्त्रज्ञाने वाळूत दोन विद्युतअग्रे पुरून त्यांतून माशाच्या शरीरातल्याइतकाच क्षीण प्रवाह सोडला. तेथे मासा नसतानाही शार्कने ती वाळू उकरली!

ही संवेदना किती सूक्ष्म आहे? एका सेंटिमीटरला व्होल्टचा सुमारे वीस कोटीवा भाग. विजेरीतील दीड व्होल्टचा घट घ्या. त्याची दोन टोके ३००० किलोमीटर अंतरावर, म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी इतकी लांब नेली आहेत अशी कल्पना करा. मधल्या प्रत्येक सेंटिमीटरच्या वाट्याला जेवढा व्होल्ट येईल, तेवढाही शार्कला जाणवू शकतो.

आता खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू ठेवले तर काय होते? तुमच्या प्रयोगवहीतला साधा विद्युतघट तयार होतो. कॅमेऱ्याची पेटी, पिंजऱ्याचे गज, बोटीचा पंखा हे सगळे समुद्रात लहान लहान घटच बनतात. शार्क कधी कधी माणसाला सोडून कॅमेराच चावतो, त्याचे एक कारण हे आहे. त्याला हात नाहीत. अनोळखी वस्तू तो तोंडानेच चाचपून पाहतो. मात्र त्याचे चाचपणेही आपल्या जिवावर बेतू शकते, म्हणून जाणते पाणबुडे त्याच्यावरची नजर काढत नाहीत.

जवळून पाहिल्याचे फळ

जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारण दहाच्या आत-बाहेर माणसे दगावतात. माणूस मात्र दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो. १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटाने शार्कची दहशत घरोघरी पोचवली. त्यातील खऱ्या शार्कचे चित्रण ऑस्ट्रेलियाच्या रॉन आणि व्हॅलेरी टेलर या दांपत्याने केले होते. त्याच दांपत्याने पुढे शार्क वाचवण्यासाठी खटपट केली. ग्रे नर्स शार्कला १९८४ साली न्यू साउथ वेल्स राज्याने कायद्याचे संरक्षण दिले. असे संरक्षण मिळालेला हा जगातील पहिला शार्क.

आपल्या देशातही असेच घडले. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा असून तो सूक्ष्म जीव व लहान मासे गाळून खातो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची कत्तल होत असे. माइक पांडे यांनी ती आपल्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटात २००० साली जगापुढे आणली. २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित जीव जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या कोळी बांधवांना शासन नुकसानभरपाई देते. पुरावा म्हणून त्या सुटकेचे छायाचित्र लागते. अंगावर पाणी उडत असताना डोलत्या होडीतून कोळ्याने काढलेले ते चित्रही शार्कचे जवळून घेतलेले चित्रच होय. त्याने एक जाळे जाते आणि एक जीव वाचतो.

विचार करा : पाणबुड्याला पाण्यात आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या दिशेने आला हे सहसा सांगता येत नाही. आपले दोन कान आणि ध्वनीचा वेग यांवरून याचे कारण शोधा.