गारठलेलं कासव आणि बंद हीटर

आपण मराठी मंडळी केप कॉडला जातो ती जुलै-ऑगस्टमध्ये, पुरी-भाजीचे डबे घेऊन. नोव्हेंबरच्या अखेरीस, वायव्येचा वारा तोंडाला झोंबत असताना तिथल्या वाळूत कोणी वाकून चालताना दिसलं, तर ते बहुधा कासवं शोधत असतात. गेली काही वर्षं मीही त्यांतला एक आहे.

ही कासवं बहुतेक केम्प्स रिडले जातीची. जेवणाच्या ताटाएवढी, दोन-चार वर्षांची. उन्हाळ्यात खेकडे खात ती इतक्या उत्तरेला येतात. थंडी लागली की दक्षिणेला वळतात, तो समोर जमीन! केपचा आकार गळाच्या आकड्यासारखा. बाहेर पडायचं तर आधी उत्तरेला जायला हवं, आणि ते त्यांना उमगत नाही. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरलं की कासव बधिर होऊन तरंगू लागतं आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतं. २०१४ साली अशी बाराशेहून अधिक सापडली.

माझं पहिलं कासव मिळालं तेव्हा उचलून पाण्यात सोडावं म्हणून मी दोन पावलं टाकलीही. बरोबरच्या सत्तरीतल्या बाईंनी माझा दंडच धरला. त्याला पोहता येत नव्हतं, ते बुडालं असतं. कासव हवेतला श्वास घेतं हे शाळेत शिकलो होतो, पण ऐन वेळी आठवलं नाही! मग रीतसर काम केलं. कासव भरतीच्या रेषेच्या वर नेलं, वारा लागू नये म्हणून सुक्या शेवाळाने झाकलं, जागेवर खूण केली आणि मास ऑडुबॉनच्या वेलफ्लीट केंद्राला फोन केला. ते हलत नव्हतं. पण मेलेलं आहे असं ठरवायचा अधिकार आम्हाला नाही. निपचित पडलेलं कासवही पुढे डोळे उघडतं.

संध्याकाळी केळ्यांच्या खोक्यात घालून ते क्विन्सीला न्यू इंग्लंड अॅक्वेरियमच्या कासव-रुग्णालयात पोचवायचं होतं. गाडीचा हीटर बंद. शेजारी बसलेली ही कुडकुडत म्हणाली, "अहो, त्याला ऊब द्यायलाच निघालोय ना आपण?"

प्रश्न रास्त होता. पण गारठलेल्या कासवाचं हृदय फार सावकाश चालतं, कधी मिनिटाला एखाद-दोन ठोके. रक्तातलं आम्ल आणि क्षार यांचा तोल गेलेला असतो. अंग एकदम तापवलं तर सगळं शरीर प्राणवायू मागू लागतं आणि हृदयाला तो पुरवता येत नाही. म्हणून तिथे दिवसाला सुमारे ५ अंशच तापमान वाढवतात. सत्तरीच्या घरात पोचायला चार-पाच दिवस जातात. रोज थोडा वेळ पोहायला सोडून, श्वासासाठी डोकं वर काढतं का ते पाहतात. त्यातून निभावलं तरी न्यूमोनियाची भीती उरते. एक्स-रे, प्रतिजैविकं, कित्येकदा महिनोन्‌महिने. बरीच कासवं हौशी वैमानिक आपल्या छोट्या विमानांतून दक्षिणेच्या केंद्रांत नेतात आणि बरी झाली की तिकडच्या उबदार पाण्यात ती सोडली जातात.

एवढा खटाटोप का? १९४७ साली मेक्सिकोत रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर एकाच दिवशी अंडी घालायला आलेल्या सुमारे ४०,००० माद्यांचं चित्रीकरण झालं होतं. १९८५ साली अख्ख्या हंगामात घरटी मोजली ती ७०२. कोकणात वेळासला ज्या ऑलिव्ह रिडलेची घरटी गावकरी राखतात, तिची ही चुलत बहीण.

आमचं कासव तिसऱ्या दिवशी गेलं. ही दिवसभर गप्प होती. पुढच्या शनिवारी भरती पहाटे चारला होती. हिने थर्मास भरून दिला आणि गाडीत दोन जाड रजया ठेवल्या.