इंदूरचा दोन दिवसांचा मुक्काम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा धान्याच्या साठवणुकीविषयी चार शब्द लिहावेत असा माझा पहिला विचार होता. परंतु त्याच सुमारास महाराष्ट्रातील एका व्यापारी स्नेह्यांचे पत्र आले. मुलाबाळांसह दोन दिवस इंदूरला येत आहोत. उतरावे कोठे, जेवावे काय आणि पाहावे काय, अशी त्यांची विचारणा होती. उत्तर लिहावयास बसलो आणि मनाशी खजील झालो. आमच्या हातोदपासून इंदूर अवघे विसेक किलोमीटर. चाळीस वर्षे मी या रस्त्याने जात-येत आहे. छावणीची धान्य मंडी, सियागंज, बँक, वखार आणि दिवस मावळण्यापूर्वी घर! मंडीतील प्रत्येक दलालाची बसण्याची जागा मला पाठ; पण लालबाग पाहण्यासारखा आहे काय, हे सांगता येईना.

अधिक खजील होण्याचे कारण घरातच होते. “अहो, एकदा काचमंदिर निवांत पाहू,” असे सौभाग्यवती लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या. आधी गव्हाचा हंगाम आटोपू दे, मग हरभऱ्याचा, मग सोयाबीनचा, असे म्हणता म्हणता नातवंडे शाळेत जाऊ लागली. पत्राच्या निमित्ताने अखेर गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी इंदुरात मुक्काम केला. तो अनुभव व्यापारी बंधूंच्या सेवेशी सादर करीत आहे.

प्रथम उतरण्याविषयी. इंदुरात लहानमोठी हॉटेले पुष्कळ आहेत. परंतु आपल्या समाजातील प्रवाशाने आधी धर्मशाळेची चौकशी करावी. सर सेठ हुकुमचंद (१८७४ ते १९५९) यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या पारमार्थिक न्यासाचा जंवरीबाग नसियाजीचा परिसर रेल्वे स्थानकापासून दूर नाही. शहराच्या गजबजाटापासून अलग राहू इच्छिणाऱ्यांना गोमटगिरी सोयीचे. दोन्हीकडे अगोदर कळवून जागा निश्चित करावी. पर्युषण आणि लग्नसराईत ऐनवेळी जागा मिळणे कठीण. धर्मशाळेत गालिचे नसतात; पण गाळलेले पाणी आणि शेजारीच देवदर्शन या दोन गोष्टींचे मोल आपण जाणतोच.

भोजनाच्या बाबतीत घड्याळ हेच इंदूरचे खरे मार्गदर्शक समजावे. डिसेंबरात येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर जूनमध्ये सातनंतर. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने हिवाळ्यात सायंकाळचे जेवण पाचपूर्वीच योजावे. अन्यथा दर्शनाच्या नादात उपवास घडतो.

सकाळी पोहे-जिलेबी. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेवर गरम राखलेले असतात. त्यात बडीशेप असते, वरून शेव आणि जीरावन नावाचा मसाला भुरभुरतात. कांदा बहुधा वरून घालतात, म्हणून ‘कांदा नको’ एवढे म्हटले की काम भागते. नवकारसी पाळणाऱ्यांचीही अडचण नाही. हे पोहे चांगले दिवस वर आल्यावरही मिळतात. दुपारी दाल-बाफला. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेली आणि तुपात बुडविलेली बाटी. धान्याच्या व्यापाऱ्याने येथे पिठाकडे अवश्य लक्ष द्यावे. माळव्याच्या कठीण गव्हाचे रवाळ पीठ असेल तर बाफला आतून मोकळा फुटतो. मऊ गव्हाचे असेल तर चिकटतो. आयुष्यभर जो गहू मी पोत्यांनी विकला, त्याची खरी चव मला त्या दिवशी ताटात उमगली.

एक सावधगिरी सांगतो. एका भोजनगृहाच्या फलकावर ‘जैन थाळी’ अशी अक्षरे होती; प्रत्यक्षात रसभाजीत बटाट्याची फोड निघाली. सौभाग्यवतींनी ताट शांतपणे बाजूला सारले आणि त्या दिवशी फळांवर भागविले. तेव्हापासून मी फलक वाचून थांबत नाही, आचाऱ्यालाच विचारतो. नमुना पाहिल्यावाचून आपण माल घेत नाही. मग जेवणाच्याच बाबतीत भिडस्तपणा का?

आता स्थलदर्शन. पहिल्या दिवशी इतवारिया बाजारातील काचमंदिर पाहिले. सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या या मंदिरात भिंती, खांब, छत आणि भूमीसुद्धा काचेच्या नक्षीने मढविलेली आहे. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, हे एका अर्थी बरेच. मनुष्य डोळ्यांनी पाहतो. सौभाग्यवती तेथे तासभर बसून होत्या. मी दोनदा घड्याळ पाहिले, तिसऱ्यांदा ते खिशात ठेवले. सेठजींच्या नावाची गिरणी १९९१ मध्ये बंद पडली, तिचे भोंगे थांबले; मंदिर मात्र भक्तांनी भरलेले आहे. द्रव्य कोठे टिकते, याचा विचार प्रत्येक व्यापाऱ्याने येथे क्षणभर करावा.

तेथून राजवाडा जवळच. होळकरांच्या या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीने तिचे फार नुकसान झाले. पुढे जीर्णोद्धार झाला. समोरच्या उद्यानात देवी अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आत जिना दिसताच सौभाग्यवतींनी गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्ही वर पाहून या, मी चौकात बसते,” त्या म्हणाल्या. मी वर गेलो खरा, परंतु सज्जातून खाली त्यांना एकट्या बसलेल्या पाहून लगेच उतरलो. वीस वर्षांपूर्वी त्या हाच जिना माझ्या आधी चढल्या असत्या.

सायंकाळी जेवण उरकून सराफा बाजार पाहिला. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या बंद होऊ लागल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. सारा बाजार आपल्या त्यागाच्या वेळीच उघडतो! शिवाय हिवाळ्यातील प्रसिद्ध गराडू हा कंदच. आम्ही केवळ पाहत हिंडलो. तरीही बाजार पाहण्यासारखा आहे: एकच उंबरठा, दोन व्यवसाय, आणि दोहोंत एकमेकांचा विश्वास. मक्याची कणसे किसून दुधात शिजविलेला ‘भुट्टे का कीस’ मात्र चुकवू नये. तो दुसऱ्या दिवशी दुपारी न्यू पलासिया भागातील छप्पन दुकान या पेठेत मिळाला. तेथील शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे. ते सुकामेवा घातलेले दाट दुधाचे पेय आहे.

दुसऱ्या दिवशी केंद्रीय संग्रहालय पाहिले. हिंगलाजगडच्या परमारकालीन शिल्पांसाठी ते ख्यात आहे. पुढे होळकरांचा लालबाग. १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने उभारलेल्या या वाड्याचे लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांच्या नमुन्यावर विलायतेत घडविले गेले. तेथे डागडुजी चालू असते. म्हणून जाण्यापूर्वी खुला असल्याची खात्री करावी. खरेदीसाठी महेश्वरी लुगडी आणि शेव-नमकीन; पैकी शेवेच्या पुड्यावरील लसणाचा उल्लेख वाचूनच ती घ्यावी. रस्त्यांची स्वच्छता डोळ्यांत भरते. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशातील स्वच्छ शहरांत इंदूरचा पहिला क्रमांक आला.

परतताना विमानतळ आणि गांधीनगर ओलांडून हातोदच्या वाटेवर गोमटगिरी लागते. या बाजूस ३१ मे २०२५ पासून मेट्रोही धावू लागली आहे. टेकडीवर श्रवणबेळगोळच्या धर्तीवर भगवान बाहुबलींची एकवीस फुटी मूर्ती असून चोवीस तीर्थंकरांची चोवीस मंदिरे आहेत. ऊन उतरले होते. आम्ही बराच वेळ काही न बोलता बसलो. मग सौभाग्यवती म्हणाल्या, “लालबाग पुन्हा एकदा पाहू.” हंगामाचा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला आणि म्हणालो, “होळी झाली की जाऊ.”

स्नेह्यांना मी हेच सविस्तर कळविले. शेवटी एक ओळ वाढविली, तीच येथे लिहितो. मालाला पुढचा हंगाम असतो, गुडघ्यांना नसतो. इंदूरला कामासाठी येणाऱ्या बंधूंनी पुढील खेपेस घरच्या माणसांना बरोबर आणावे आणि दोन दिवस अधिक मुक्काम करावा.