संपादकाची निवडणूक
खाण व भूविज्ञान या क्षेत्रांतील जाणकारांनी १९०६ साली कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, 'मायनिंग अँड जिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. टॉमस हॉलंड हे तिचे पहिले अध्यक्ष. येथीलच जॉब चार्नॉकच्या थडग्याच्या शिळेवरून त्यांनी १८९३ साली 'चार्नोकाइट' हे नाव एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापले. ते आज जगभर रूढ आहे. छापलेली चूकही अशीच टिकते. भ्रंशाची जागा चुकीची छापली गेली, तर खाणकामगाराच्या जिवावर बेतू शकते. काही व्यावसायिक संघटनांत संपादक सभासदांच्या मतांनी निवडला जातो. ज्यांची मते मागितली, त्यांचेच सदोष लेख त्याला परत पाठवावे लागतात. म्हणून उमेदवाराने एकच वचन द्यावे: कसोटी सर्वांना सारखी.